शास्त्रीय नृत्य आणि पाश्चात्त्य नाटक : प्रायोगिक रंगभूमीवरील संवाद

भारतीय कलांचा अभ्यास करताना विद्यार्थी बहुधा नृत्यप्रकारांची नावे, त्यांची राज्ये आणि नामवंत कलावंत यांची यादी पाठ करतात. ही माहिती आवश्यक आहेच. परंतु या कला आजही कशा घडत आहेत, बाहेरून आलेला विषय त्या कसा स्वीकारतात किंवा नाकारतात, हे अशा यादीवरून कळत नाही. विश्लेषणात्मक प्रश्नाचे उत्तर लिहिताना उमेदवाराची अडचण होते ती बहुधा याच ठिकाणी.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रायोगिक रंगभूमीने शेक्सपिअर, ग्रीक शोकांतिका, गटे आणि इब्सेन यांच्या कृती भारतीय नृत्याच्या व नृत्यप्रधान नाट्याच्या भाषेत मांडण्याचे अनेक प्रयत्न केले. अशा प्रयत्नांची कसोटी कोणती? परक्या पात्रांना भारतीय वेष चढवला आणि हस्तमुद्रा योजल्या, एवढ्याने संगम साधतो का? तसे म्हणता येत नाही. परकी कथा एखाद्या नृत्यशैलीला असा प्रश्न विचारते की ज्याचे उत्तर त्या शैलीला स्वतःच्याच व्याकरणातून शोधावे लागते. तो प्रश्न टाळला नाही, तरच काही नवे निष्पन्न होते. कथकळीतील ‘किंग लिअर’ हे याचे बोलके उदाहरण असल्याने या लेखात त्याचा विचार अधिक विस्ताराने केला आहे.

नाट्यशास्त्राची चौकट

भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात नृत्य आणि नाटक या परस्परांपासून तुटलेल्या कला नाहीत. अभिनयाचे चार प्रकार तेथे सांगितले आहेत. शरीराच्या हालचालींनी होणारा तो आंगिक, शब्दांनी व स्वरांनी होणारा तो वाचिक, वेषभूषा-रंगभूषेतून होणारा तो आहार्य आणि अंतःकरणातील भाव देहावर उमटवणारा तो सात्त्विक. आजचे वास्तववादी नाटक मुख्यतः वाचिकावर उभे असते. शास्त्रीय नृत्यात मात्र आंगिक आणि आहार्य यांची स्वतंत्र, तपशीलवार भाषा विकसित झाली आहे.

याच ग्रंथातील दोन संज्ञा येथे महत्त्वाच्या आहेत. लोकव्यवहाराशी जवळीक राखणारी पद्धती ती लोकधर्मी आणि संकेतांच्या आधारे अर्थ प्रकट करणारी ती नाट्यधर्मी. नंतरच्या ग्रंथांनी नृत्त, नृत्य आणि नाट्य असा भेद अधिक स्पष्ट केला. अर्थनिरपेक्ष लयबद्ध हालचाल म्हणजे नृत्त, भावाभिव्यक्ती करणारे ते नृत्य आणि रसनिष्पत्ती करणारे ते नाट्य. एप्रिल २०२५ मध्ये नाट्यशास्त्राच्या हस्तलिखिताचा समावेश युनेस्कोच्या ‘जागतिक स्मृती’ नोंदवहीत झाला.

‘शास्त्रीय’ या शब्दाची व्याप्तीही नीट समजून घेतली पाहिजे. संगीत नाटक अकादमीने भरतनाट्यम्, कथक, कथकळी, कुचिपुडी, मणिपुरी, मोहिनीअट्टम, ओडिसी आणि सत्रिय या आठ नृत्यांना शास्त्रीय म्हणून मान्यता दिली आहे. त्यांपैकी सत्रियला ती २००० साली मिळाली. केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालय छाऊचाही या गटात समावेश करते. कूडियाट्टम ही संस्कृत नाट्याची परंपरा असून यक्षगान हा कर्नाटकातील नृत्यप्रधान नाट्यप्रकार आहे. हे दोन्ही प्रकार वरील आठांच्या यादीत नाहीत. तथापि प्रयोगांच्या दृष्टीने ते त्यांचे निकटचे आप्त आहेत.

दोन नाट्यविचारांतील अंतर

पाश्चात्त्य नाट्यविचाराचा आद्य ग्रंथ म्हणजे ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र. त्याने शोकांतिकेचे सहा घटक सांगितले : कथानक, स्वभावचित्रण, विचार, भाषा, गीत आणि दृश्य. यांत कथानकाला त्याने अग्रस्थान दिले. दृश्याचे स्थान शेवटी ठेवले आणि प्रत्यक्ष प्रयोगाविनाही शोकांतिकेचा परिणाम साधू शकतो, असे मत मांडले. भरताच्या विचारात प्रयोग वगळून नाट्याची कल्पनाच करता येत नाही. तेथे साध्य आहे रस, आणि कथानक हे त्याचे साधन.

या अंतराचे परिणाम व्यवहारात दिसतात. पाश्चात्त्य नाटकाचा प्रेक्षक ‘पुढे काय होणार’ या उत्कंठेने बांधलेला असतो. कथकळीच्या प्रेक्षकाला पुढे काय होणार हे लहानपणापासून ठाऊक असते. आजचा नट तो क्षण कसा उलगडतो, हे पाहण्यासाठी तो आलेला असतो. एका ओळीच्या अर्थावर नट कितीतरी वेळ रेंगाळतो आणि रसिकांना त्यातच आनंद मिळतो. घटनांनी गजबजलेले पाच अंकी नाटक या पद्धतीने मांडायचे, तर कथेची काटछाट अटळ ठरते. मग काय ठेवावे आणि काय सोडावे, हा दिग्दर्शकापुढील पहिला प्रश्न असतो.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

शास्त्रीय कला बाह्य प्रभावांपासून अलिप्त राहिल्या, असा एक समज आहे. इतिहास त्याला दुजोरा देत नाही. तंजावरचे मराठा राजे सरफोजी दुसरे यांच्या दरबारात चिन्नैया, पोन्नैया, शिवानंदम आणि वडिवेलु या चार बंधूंनी आजच्या भरतनाट्यम्‌च्या सादरीकरणक्रमाला आकार दिला. याच राजांच्या नावावर ‘देवेंद्र कुरवंजी’ ही मराठी रचना आहे. कुरवंजी हा तमिळ प्रदेशातील, भविष्य सांगणाऱ्या स्त्रीच्या पात्राभोवती गुंफलेला नृत्यनाट्याचा प्रकार. त्या साच्यात येथे जगाचा भूगोल गीतांतून सांगितला आहे. तमिळ नाट्यप्रकार, मराठी भाषा आणि युरोपीय संपर्कातून आलेले ज्ञान यांचा हा मेळ सुमारे दोनशे वर्षांपूर्वीचा आहे.

महाराष्ट्रातील आधुनिक रंगभूमीवर पाश्चात्त्य नाटक आले ते मुख्यतः शब्दांच्या वाटेने. आगरकरांचे ‘विकारविलसित’ आणि देवलांचे ‘झुंझारराव’ ही अनुक्रमे ‘हॅम्लेट’ व ‘ऑथेल्लो’ यांची रूपांतरे त्याची साक्ष देतात. स्वातंत्र्योत्तर काळात ब्रेख्तची नाटके लोकनाट्याच्या अंगाने आली. पु. ल. देशपांडे यांचे ‘तीन पैशाचा तमाशा’ हे थिएटर ॲकॅडमीने १९७८ मध्ये सादर केलेले नाटक सर्वपरिचित आहे. तमाशासारख्या लोकप्रकारात समकालीन विषयाला मोकळी जागा असते. सोंगाड्या कालच्या बातमीवरही बोलू शकतो. शास्त्रीय नृत्यशैलीत अशी जागा सहजासहजी सापडत नाही. तेथे भुवईच्या हालचालीपासून मुकुटाच्या आकारापर्यंत सर्व काही नियमबद्ध आहे. त्यामुळे शास्त्रीय शैलीतील प्रयोग अधिक कठीण असतो आणि म्हणूनच तो अधिक उद्बोधकही ठरतो.

राष्ट्रीय पातळीवर या प्रयत्नांना संस्थांचे पाठबळ मिळाले. संगीत नाटक अकादमीचे उद्घाटन १९५३ मध्ये झाले, तर राष्ट्रीय नाट्य विद्यालयाची स्थापना १९५९ मध्ये झाली. १९८४ पासून सुमारे दशकभर अकादमीने पारंपरिक नाट्यरूपांचा आधार घेणाऱ्या तरुण दिग्दर्शकांना साहाय्य देणारी योजना राबवली. या प्रवाहाला सुरेश अवस्थी यांनी ‘मुळांची रंगभूमी’ असे नाव दिले.

कथकळीतील ‘किंग लिअर’

१९८९ साली कथकळीत ‘किंग लिअर’चा प्रयोग सिद्ध झाला. केरळमध्ये कथकळी शिकलेल्या फ्रेंच नर्तकी आनेत लडे आणि ऑस्ट्रेलियन नाटककार डेव्हिड मॅकरूव्ही यांची ही संकल्पना होती. ती रंगमंचावर साकारली केरळमधील अनुभवी कथकळी कलावंतांनी. केरळबरोबर युरोपातही हे प्रयोग झाले आणि १९९९ मध्ये लंडनच्या ग्लोब रंगमंदिरात तो पुन्हा सादर झाला.

या प्रयोगातील अडचणी समजण्यासाठी कथकळीची रचना लक्षात घेतली पाहिजे. कथकळीत नट बोलत नाही. मागे उभे असलेले दोन गायक पद्य गातात आणि नट हस्तमुद्रा, नेत्राभिनय व पदन्यास यांद्वारे त्याचा अर्थ साकार करतो. ‘हस्तलक्षणदीपिका’ या ग्रंथातील चोवीस मूलभूत मुद्रांच्या संयोगातून विस्तृत शब्दसंपदा तयार होते. चेंडा आणि मद्दळम या वाद्यांची साथ असते. गायन थांबल्यावर नट स्वतःच्या प्रतिभेने प्रसंगाचा विस्तार करतो. त्यास ‘इळकियाट्टम’ म्हणतात.

पात्राचा स्वभाव वेषातूनच कळतो. ‘पच्च’ म्हणजे हिरव्या मुखाचा वेष, तो नल किंवा पांडव यांसारख्या उदात्त नायकांचा. ‘कत्ती’ हा हिरव्या मुखावर सुरीच्या आकाराची तांबडी रेखा असलेला वेष, तो रावण किंवा कीचक यांसारख्या पराक्रमी परंतु उद्दाम पात्रांचा. ‘ताडी’ म्हणजे दाढीचे वेष; त्यांत तांबडी दाढी क्रूरांची, पांढरी हनुमानाची आणि काळी वनचरांची. ‘करी’ हा राक्षसींचा काळा वेष, तर ‘मिनुक्कू’ हा स्त्रिया, ऋषी व ब्राह्मण यांचा सौम्य वेष. रंगभूषेला काही तास लागतात आणि एकदा चढवलेला वेष हेच त्या पात्राचे सत्य असते.

आता लिअरचा विचार करू. तो उदार आहे आणि अहंकारीही. स्तुतीला भुलून तो दोन मुलींना राज्य वाटून देतो आणि खरे बोलणाऱ्या तिसरीला हाकलून लावतो. नाटकाच्या अखेरीस तो पहिल्या अंकातील लिअर उरत नाही. अशा माणसाला पच्च वेष द्यावा की कत्ती? यातील कोणताही वेष निवडला, तरी लिअरचा एक अर्धा भाग त्यात मावत नाही. परक्या कथेने शैलीला विचारलेला हा पहिला प्रश्न होय.

रूपांतरात ग्लॉस्टर आणि त्याचे दोन मुलगे यांचे उपकथानक गाळण्यात आले. घटनांची गर्दी कमी झाली आणि ठरावीक प्रसंगांवर अभिनयाचा विस्तार करण्यास अवकाश मिळाला. इंग्रजी नाटकाशी परिचित असलेल्या काही युरोपीय समीक्षकांना मात्र शेक्सपिअरच्या शब्दांची उणीव भासली. केरळच्या रसिकांची अडचण वेगळी होती. त्यांना शैली ठाऊक होती, कथा नवी होती.

सर्वाधिक चर्चा झाली ती वादळाच्या प्रसंगाची. मुलींनी घराबाहेर काढलेला वृद्ध राजा उघड्या माळरानावर वादळात सापडतो आणि त्याचे भान हरपू लागते. या प्रसंगी राजाला मुकुटाविना दाखवणे केरळमधील काही जाणकारांना खटकले. कथकळीत किरीट हा वाटेल तेव्हा काढून ठेवायचा अलंकार नाही. मुखावरील रंग आणि मस्तकावरील किरीट मिळूनच ‘राजा’ हे पात्र सिद्ध होते. किरीट उतरवला तर रंगमंचावर उरतो तो कोण? संस्कृत साहित्यशास्त्रातील ‘औचित्य’ या तत्त्वाचा भंग येथे होतो, असा या आक्षेपाचा आशय होता.

आता शेक्सपिअरच्या बाजूने पाहू. मुकुटाखालचा माणूस शोधणे हेच ‘किंग लिअर’ या नाटकाचे प्रयोजन आहे. राज्य, सैनिक, निवारा यांतील एकेक गोष्ट गमावत लिअर अखेर आपण एक उघडा, असाहाय्य जीव आहोत या जाणिवेपाशी पोहोचतो. तेथे मुकुट राखला तर नाटकाचा गाभा हरवतो आणि काढला तर कथकळीच्या गाभ्याला धक्का लागतो. दोन नाट्यपरंपरांचे प्राणतत्त्व येथे समोरासमोर उभे राहिले. दोघांपैकी कोणीही अडाणी नव्हते. आक्षेप घेणारे आपली कला जाणत होते आणि प्रयोग करणारे आपले नाटक. राजा नेमका कोणाच्या दृष्टीने राजा असतो, हा प्रश्न अभ्यासक फिलिप झारिली यांनी याच प्रयोगाच्या अनुषंगाने उपस्थित केला.

कथकळीच्या भांडारात राज्यभ्रष्ट राजा नाही, असे मात्र नाही. उण्णायी वारियर यांच्या ‘नळचरितम्’मध्ये द्यूतात राज्य गमावलेला नल अरण्यात भटकतो, पत्नीचा त्याग करतो आणि कर्कोटकाच्या दंशाने विरूप होतो. रूप पालटताच परंपरा त्याला बाहुकाचा वेगळा वेष देते. म्हणजे रूपांतर दाखवण्याची सोय शैलीत आहे, परंतु ते दैवी कारणाने झालेले रूपांतर आहे. लिअरमध्ये शाप नाही, सर्पदंश नाही. जे बदलते ते मनच. त्यासाठी तयार वेष नाही. या रिकाम्या जागेमुळेच कलावंताला नवी वाट शोधावी लागली.

मराठी वाचकाला येथे ‘नटसम्राट’ आठवल्यावाचून राहणार नाही. लिअरच्या कथेची छाया असलेल्या या नाटकात (१९७०) शिरवाडकरांनी राजाचा नट केला आणि राज्याचा संसार. गणपतराव बेलवलकरांचे राज्य म्हणजे रंगभूमी आणि मुकुट हा तिच्यावरचा. शिरवाडकरांनी कथा आपल्या समाजात आणून रुजवली. कथकळीच्या प्रयोगाने कथा बव्हंशी तिच्या जागी ठेवून शैलीला ताण दिला. रूपांतराचे हे दोन भिन्न मार्ग असून उत्तर लिहिताना त्यांतील फरक स्पष्ट करणे उपयुक्त ठरेल.

‘ऑथेल्लो’ आणि ‘मॅकबेथ’

नवी दिल्ली येथील आंतरराष्ट्रीय कथकळी केंद्राने १९९६ मध्ये ‘ऑथेल्लो’चा प्रयोग केला. रूपांतर सदनम बालकृष्णन यांचे होते आणि ऑथेल्लोची भूमिकाही त्यांनीच केली. या प्रयोगाने रंगाचा प्रश्न पुढे आणला. इंग्रजी रंगभूमीवर ऑथेल्लोचा काळा वर्ण त्याचा वंश आणि व्हेनिसच्या समाजातील त्याचे परकेपण सांगतो. कथकळीत मुखाचा रंग वंश सांगत नाही, तो स्वभाव सांगतो. एकीकडे रंग ही समाजाने लादलेली ओळख आहे, तर दुसरीकडे ती पात्राची अंतःप्रकृती आहे. परिणामी कथकळीच्या संकेतांत मत्सर, विश्वासघात आणि पश्चात्ताप समर्थपणे प्रकटतात. परंतु वर्णभेदाचा सामाजिक प्रश्न मागे सरकतो. वर्ण आणि जात यांचा अनुभव असलेल्या आपल्या समाजात हे मागे सरकणे लहानसहान मानता येणार नाही.

याउलट ‘मॅकबेथ’मधील स्वगते नृत्याभिनयाला अनुकूल ठरतात. उदाहरणादाखल, राजाच्या हत्येपूर्वी मॅकबेथला हवेत खंजीर दिसतो तो प्रसंग घ्यावा. संवादात्मक नाटकात नट हा भास शब्दांनी सांगतो. अभिनयप्रधान नृत्यात प्रथम दृष्टी एका बिंदूवर स्थिर होते, मग ती वस्तू जवळ येते, हात तिच्याकडे जातो, रिकामा परततो आणि नेत्रांतून विस्मय, मोह, भय असे भाव क्रमाने सरकतात. नसलेली वस्तू दाखवणे हे तर नाट्यधर्मी अभिनयाचे नित्याचे काम. कूडियाट्टमचे कलावंत मार्गी मधू यांनी ‘मॅकबेथ’चा एकल प्रयोग केला आहे. एकाच नटाने वेष न बदलता अनेक पात्रे साकारण्याचे ‘पकर्न्नाट्टम’ हे तंत्र त्या परंपरेत पूर्वापार आहे. एकाच मनात चाललेल्या संघर्षाच्या नाटकाला ते विशेष साजते.

‘बर्नम वन’ आणि मणिपूरचे प्रयोग

ब. व. कारंत यांनी १९७९ मध्ये राष्ट्रीय नाट्य विद्यालयाच्या रंगमंडळासाठी ‘मॅकबेथ’ यक्षगानाच्या आधाराने बसवले. ‘बर्नम वन’ या नावाच्या या प्रयोगासाठी रघुवीर सहाय यांनी हिंदी काव्यानुवाद केला होता. येथील नट पिढीजात यक्षगान कलावंत नसून आधुनिक प्रशिक्षण घेतलेले होते. त्यामुळे शैलीचे सर्व नियम पाळण्यापेक्षा तिची लय, पदन्यास आणि आवेश यांचा उपयोग करून घेण्यावर भर राहिला. नायकाऐवजी अरण्याचे नाव नाटकाला देऊन कारंतांनी महत्त्वाकांक्षेच्या गहन वनाकडे लक्ष वेधले. कथकळीतील ‘लिअर’मध्ये शैली प्रमाण होती आणि नाटकाला वाकावे लागले. ‘बर्नम वन’मध्ये दिग्दर्शकाचा अर्थ प्रमाण होता आणि शैली साधन झाली.

तिसरा मार्ग मणिपूरमध्ये दिसतो. रतन थियाम (निधन २०२५) यांनी १९७६ मध्ये इंफाळ येथे कोरस रेपर्टरी थिएटरची स्थापना केली. थांग-ता ही युद्धकला, नटसंकीर्तन आणि मणिपुरी नृत्य यांवर त्यांच्या नटांचे शिक्षण आधारलेले होते. ‘अँटिगनी’वर आधारित ‘लेंगशोन्नेइ’ (१९८६), इब्सेनच्या नाटकावर आधारित ‘आशिबागी एशेइ’ आणि ‘मॅकबेथ’ (२०१४) हे त्यांचे पाश्चात्त्य कृतींवरील प्रयोग होत. राजाज्ञा मोडून भावाचा अंत्यविधी करणाऱ्या अँटिगनीची कथा दीर्घकाळ अशांततेत होरपळलेल्या मणिपूरच्या प्रेक्षकाला परकी वाटण्याचे कारण नव्हते. एकच समूह वर्षानुवर्षे एकत्र राहून, एकाच शारीरिक शिस्तीत घडल्यामुळे नृत्य हे नाटकावर चढवलेले आवरण न राहता नटाच्या चालण्याबोलण्यात मुरले.

उलट दिशेचा प्रवास

हा संवाद एकतर्फी नव्हता. पोलंडचे दिग्दर्शक येर्झी ग्रोतोव्स्की यांनी १९६० मध्ये ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले. त्यांचे सहकारी यूजेनियो बार्बा यांनी १९६३ मध्ये केरळ कलामंडलमला भेट देऊन कथकळीच्या शिक्षणपद्धतीचा परिचय युरोपला करून दिला. पुढे ग्रोतोव्स्कींनी पौर्वात्य नटाची संकेतलिपी जशीच्या तशी उचलता येत नाही, असा निष्कर्ष काढला. बार्बांनी स्थापन केलेल्या आंतरराष्ट्रीय नाट्य-मानववंशशास्त्र विद्यापीठाच्या कार्यात ओडिसी नर्तकी संयुक्ता पाणिग्रही प्रारंभापासून सहभागी होत्या. तेथील १९८७ च्या इटलीतील सत्रात त्यांनी जपानी नर्तकी कात्सुको अझुमा यांच्यासह गटेच्या ‘फाउस्ट’वर आधारित प्रयोगात काम केले.

फ्रान्सच्या आरियान म्नूश्किन यांनी १९९० ते १९९२ या काळात युरिपिडीस व इस्किलस यांच्या चार शोकांतिकांची मालिका सादर केली. तिच्यातील वृंदाच्या नृत्यात कथकळी व भरतनाट्यम् यांचा आधार होता आणि नृत्यरचना कथकळी शिकलेल्या कात्रीन शोब यांची होती. याचे कारण लक्षात घेण्याजोगे आहे. प्राचीन ग्रीक शोकांतिकेतील वृंद गात असे आणि नाचतही असे. संहिता टिकल्या, नृत्य नष्ट झाले. युरोपच्या रंगभूमीने हरवलेला दुवा भारतातील जिवंत परंपरांत शोधला.

वादाचे मुद्दे

पीटर ब्रुक यांच्या ‘महाभारत’ (१९८५) या प्रयोगानंतर सांस्कृतिक देवाणघेवाण आणि सांस्कृतिक उचल यांतील सीमारेषेची चर्चा तीव्र झाली. भारतीय सामग्री तिच्या संदर्भांपासून तोडून वापरली गेली, अशी टीका रुस्तम भरूचा यांनी केली. भारतीय नृत्य व पाश्चात्त्य साहित्य यांच्या मेळालाही तोच निकष लावला पाहिजे. यासंदर्भात पुढील प्रश्न महत्त्वाचे ठरतात.

१. निर्णयाचा अधिकार कोणाचा? संकल्पना व कीर्ती दिग्दर्शकाची आणि श्रम पारंपरिक कलावंताचे, अशी विभागणी झाली तर तो संवाद समान पातळीवरचा राहत नाही.

२. प्रयोग कोणासाठी? परदेशी महोत्सवासाठी केलेला प्रयोग मायभूमीच्या प्रेक्षकापर्यंत पोहोचतो का, हे पाहिले पाहिजे.

३. शिक्षणाची खोली किती? कथकळीच्या नटाचे शरीर घडण्यास अनेक वर्षे लागतात. अल्प मुदतीच्या शिबिरातून घेतलेल्या मुद्रा अलंकारापुरत्या उरतात.

४. मूळ संग्रहाचे काय? नव्या प्रयोगांकडे निधी व लक्ष वळताना रात्रभर चालणारे पारंपरिक प्रयोग दुर्लक्षित राहू नयेत.

जतन, प्रशिक्षण आणि धोरण

परंपरा टिकली तरच प्रयोग शक्य होतो. महाकवी वळ्ळत्तोळ यांच्या पुढाकाराने १९३० मध्ये केरळ कलामंडलम उभे राहिले नसते, तर १९८९ मध्ये लिअर साकारण्याची क्षमता असलेले नट मिळणे कठीण होते. अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या संरक्षणाचा करार युनेस्कोने २००३ मध्ये स्वीकारला व भारताने २००५ मध्ये त्याला संमती दिली. त्याच्या प्रातिनिधिक सूचीत कूडियाट्टम (२००८), छाऊ (२०१०) आणि मणिपूरचे संकीर्तन (२०१३) यांचा समावेश आहे. देशातील सात विभागीय सांस्कृतिक केंद्रे गुरु-शिष्य परंपरेतील शिक्षणाला साहाय्य करतात. या कराराने वारसा ही गोठलेली वस्तू मानली नसून समूहाकडून पिढ्यान्‌पिढ्या पुन्हा घडवली जाणारी बाब मानली आहे. म्हणून जतन आणि प्रयोग यांना परस्परविरोधी समजण्याचे कारण नाही. प्रयोग करणाऱ्या कलावंताला शिष्यवृत्ती, निवृत्त गुरूंना सन्मानाचे मानधन आणि रूपांतरांच्या संहितांचे व चित्रफितींचे अभिलेखन या तिन्ही गोष्टींची गरज आहे.

समारोप

वादळातील लिअरच्या मस्तकावर मुकुट असावा की नसावा, या प्रश्नाचा अंतिम निवाडा कोणीही करू शकत नाही. परंतु हा प्रश्न विचारला गेल्यामुळे केरळच्या रसिकाला आपल्या किरीटाचा अर्थ नव्याने उमगला आणि शेक्सपिअरच्या वाचकाला राजपदाचा. ज्या प्रयोगात दोन्ही परंपरांना काहीतरी पणाला लावावे लागते, तो खरा संवाद. जेथे एक परंपरा केवळ रंगीत पार्श्वभूमी पुरवते, तेथे संगमाचा आभास तेवढा निर्माण होतो. अशा प्रयोगांचे मूल्यमापन करताना विद्यार्थ्यांनी हा निकष हाताशी ठेवावा.

सरावासाठी प्रश्न

१. लोकधर्मी व नाट्यधर्मी या संकल्पना स्पष्ट करून पाश्चात्त्य नाटकाच्या नृत्यरूपांतरात त्यांचे महत्त्व सांगा.

२. कथकळीतील वेषप्रकारांचा परिचय करून द्या. ‘किंग लिअर’च्या प्रयोगात त्यांमुळे कोणत्या अडचणी निर्माण झाल्या?

३. ‘जतन आणि प्रयोग हे परस्परपूरक आहेत.’ अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या संदर्भात या विधानाची चर्चा करा.

४. ‘बर्नम वन’ आणि रतन थियाम यांचे प्रयोग यांतील परंपरेच्या उपयोगाची तुलना करा.